इम्पल्सचा कडक क्लच: केबल, स्प्रिंगा आणि लिव्हर

१६ फेब्रुवारी २०२५

गाडी आली घरी. हिरो इम्पल्स, १५० सीसी, कणकवलीतनं सेकंडहँड घेतली. नांदगाव तिठ्यावरनं देवगडच्या रस्त्याला लागलो, शिरगाव, तळेबाजार करत जामसंड्यात येईपर्यंत डाव्या हाताची दोन बोटं बधिर. इंजिन मस्त आहे, धूर नाही, पुढचे शॉकअप गळत नाहीत, पण क्लच एवढा कडक की बाजारातल्या गर्दीत मी न्यूट्रल शोधत शोधतच चाललो होतो. आधीच्या मालकाने देताना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं की हेवी ड्युटी स्प्रिंगा टाकल्यात, आता क्लच स्लिप मारत नाही, म्हणजे पकड सुटून घसरत नाही. तेव्हाच कान टवकारले होते माझे.

ही गाडी मला मुख्यतः बागेत जायला हवी. आंब्याची कलमं सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहेत, डांबर संपलं की जांभ्याचा कातळ, मग सुटे धोंडे, मग दोन्ही बाजूंना गडगे (दगडी कुंपणं) असलेली अरुंद पाणंद, तिथे पहिला गिअर आणि हाफ क्लच याशिवाय काही चालत नाही. आत्ता फवारणीचे दिवस, पुढे तोडणी, म्हणजे दिवसातून कितीतरी वेळा हाच रस्ता. असल्या लिव्हरने मे महिन्यापर्यंत मनगट कामातनं जाईल.

कडक कडक म्हणून काही कळत नाही म्हणून मोजलं. हुकवाला डिजिटल काटा, बॅगा तोलायचा असतो तो, लिव्हरच्या पिव्हटपासून, म्हणजे ती ज्या बोल्टवर फिरते तिथून, बरोबर १०० मिमीवर अडकवला आणि हळू ओढला. सगळ्यात जास्त आकडा साडेआठ किलो. यापुढे प्रत्येक वेळी इथेच, असंच मोजणार, नाहीतर "जरा हलका वाटतोय" या वाटण्यावर विश्वास ठेवावा लागतो आणि पैसे खर्च केल्यावर माणसाला सगळंच हलकं वाटतं.

१८ फेब्रुवारी

संध्याकाळी मेस्त्रींकडे नेली. त्यांनी एकदा लिव्हर दाबली आणि माझ्याकडे बघितलं. "गाडी बरी आसा रे तुजी, पन ह्यो क्लच कोनी असो करून ठेवलो?" मी स्प्रिंगांचं सांगितलं तर म्हणाले, "स्प्रिंगो नंतर बघूया, पयली ती वायर सोड."

वायर, म्हणजे क्लचची केबल, इंजिनच्या बाजूने आर्ममधून (क्लच सोडवणाऱ्या दांड्यातून) सोडवली आणि नुसतीच लिव्हर दाबली. मागे काही ओढायला नसताना लिव्हर एका बोटाने, अगदी लोण्यासारखी जायला पाहिजे. ती खरखरत गेली आणि सोडल्यावर परत आलीच नाही. मग काटा थेट इंजिनवरच्या आर्मला लावून ओढला, तिथे आकडा साडेवीस किलो. आता गणित सोपं आहे. लिव्हरवर पिव्हट ते केबलच्या निप्पलचं (टोकाच्या गोळीचं) अंतर २८ मिमी, मी बोट लावतो ते १०० मिमीवर, म्हणजे लिव्हर जोर साडेतीन पटीहून थोडा जास्त वाढवते. साडेवीसला त्याने भागलं की ५.७ येतं. केबलमध्ये घर्षण शून्य असतं तर लिव्हरवर ५.७ किलोच लागले असते. मला लागतायत ८.५. म्हणजे माझ्या हाताच्या जोरातला एक तृतीयांश ती वायरच खातेय, क्लचपर्यंत पोचतच नाही.

ही टेस्ट सगळ्यांनी करावी, फुकट आहे, फक्त एक पाना लागतो. लोक मात्र आधी स्प्रिंगांचे भाव विचारतात.

२३ फेब्रुवारी

टाकी काढली आणि केबल कशी फिरवलीय ते बघितलं. आधीच्या मालकाने हँडल उंच करायला खाली रायझर टाकलेत, पण केबल तीच जुनी, लांबीला अपुरी. मग ती हेडलाइटच्या पुढून न नेता मधूनच, फोर्कच्या मागून घुसवलीय, तिथून परत वळून टाकीखाली, आणि इंजिनजवळ परत एक वळण. सगळी वळणं अंदाजे मिळवली तर २३० अंशांच्या आसपास.

केबलचं घर्षण एकूण किती अंश वळली त्यावर ठरतं, आणि ते बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतं. मोळीचा दोर झाडाला दोन वेढे दिला की एका हाताने धरता येतो त्यातलाच प्रकार. घर्षणांक ०.१ धरला, जो बऱ्यापैकी चांगल्या अस्तरवाल्या केबलचा असतो, तरी २३० अंशाला हाताचा जोर जवळपास दीडपट करावा लागतो. तेच वळण १२० अंशांवर आणलं तर सव्वापटीपेक्षाही जरा कमी. माझं मोजमाप ८.५ भागिले ५.७ म्हणजे दीडपटच आलं होतं, त्यामुळे हिशोब जमला म्हणून जरा खूष झालो. वळण मोठ्या गोलाईचं असलं तर वायर दुमडत नाही आणि आतलं अस्तर टिकतं, त्याचा फायदा आहेच, पण मूळ मुद्दा एकूण अंशांचा.

वायर बाहेर काढली तर लिव्हरच्या टोकाकडचा बराचसा भाग तांबडा. आमच्याकडे हे होतंच, खाऱ्या वाऱ्याला झाकण काय करणार, रबरी बूट फाटलेला होता आणि तिथूनच पाणी आत उतरत होतं. समुद्रापासून दहा-पंधरा किलोमीटर आत राहणाऱ्यांची केबल निदान दुप्पट टिकत असेल.

२ मार्च

नवीन केबल टाकली. थोडी लांब हवी होती, दुकानात दोन-तीन गाड्यांच्या केबली समोर ठेवून बाहेरच्या नळीची लांबी आणि आतली बाहेर येणारी तार दोन्ही जुळवून बघितलं. नळी लांब चालते, पण आतल्या तारेचा उघडा भाग मूळ केबलएवढाच पाहिजे, नाहीतर अ‍ॅडजस्टरची चूडी पुरत नाही.

रूट बदलला: लिव्हरवरून सरळ पुढे, हेडलाइटच्या मागून मोठ्या गोलाईत, मग टाकीखाली, मग खाली आर्मकडे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं, कुठे ताणली जाते का, आणि हँडल वळवल्यावर इंजिनची आरपीएम किंवा क्लचची ढील (केबल ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल) बदलते का. टायरॅप (केबल बांधायची प्लॅस्टिकची पट्टी) घट्ट ओढायचा नाही, केबल त्यातून सरकली पाहिजे, घट्ट आवळली की तिथेच नवीन कोपरा तयार होतो.

तेलाबद्दल. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या केबलला ग्रीस भरायचं नाही, धूळ धरून चिखल होतो आत. जुन्या पद्धतीची बिनअस्तराची असेल तर पातळ तेल थेंब थेंब सोडायचं. माझी अस्तरवाली आहे, म्हणून फक्त दोन्ही टोकांच्या निप्पलला ग्रीस, कारण निप्पल आपल्या खाचेत फिरला नाही तर तार तिथेच रोज वाकून वाकून तुटते. लिव्हरचा पिव्हट बोल्ट काढला, गंज घासला, ग्रीस लावलं. हा बोल्ट फार आवळला की लिव्हरच चिमटली जाते, बोल्ट हाताला बसेल एवढाच आणि खालचा नट त्याला लॉक. फाटलेल्या बुटाच्या जागी नवीन बूट.

काटा लावला: ७ किलो. इंजिनला हातही न लावता दीड किलो गेले.

१५ मार्च

शिमगा. गाडीचं काम बंद, मेस्त्री पालखीबरोबर, मी पण. मुंबईहून चुलतभाऊ आलाय त्याची हिमालयन ४५० घेऊन, त्याचा क्लच दाबून बघितला आणि आपली गाडी ढकलून द्यावीशी वाटली. त्या गाडीत स्लिप-असिस्ट क्लच आहे. आतल्या हबला, म्हणजे क्लचच्या चकत्या (प्लेटी) बसतात त्या मधल्या भागाला, तिरके उतार असतात, इंजिन जोर लावतं तेव्हा ते उतार प्लेटींना आपोआप एकमेकींवर दाबतात, त्यामुळे स्प्रिंगा मुळातच मऊ ठेवता येतात. उलट इंजिन ब्रेकिंगला तेच उतार प्लेटी जरा सैल करतात. भाऊ म्हणाला, "तुझ्यात टाक की असला." अरे बाबा, हब, प्रेशर प्लेट (स्प्रिंगांच्या जोराने प्लेटींची थप्पी दाबणारी ताटली) सगळं वेगळं लागतं, त्या पैशात माझ्यासारखी अर्धी गाडी येईल. साध्या कॉइल स्प्रिंगवाल्यांनी साध्या कॉइल स्प्रिंगचाच विचार करावा.

२३ मार्च

क्लच खोलला. ऑइल सोडलं, किक काढली, कव्हरचे बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून त्यात जागच्या जागी खोचून ठेवले, कारण लांबी वेगवेगळी असते आणि लांब बोल्ट आखूड भोकात गेला की कव्हरला चीर. पॅकिंग अपेक्षेप्रमाणे फाटलं.

आत चार स्प्रिंगा. बोल्ट एकदम एकेक काढायचे नाहीत, सगळे अर्धा अर्धा फेरा, तिरके समोरासमोर, नाहीतर प्रेशर प्लेट वाकडी होऊन हबच्या अ‍ॅल्युमिनियमच्या खांबांवर ताण येतो, आणि तो खांब मोडला तर स्प्रिंगेच्या नादात हब घ्यावा लागतो. मेस्त्री बाजूला बसून विडी ओढत बघत होते. एक स्प्रिंग हातात घेऊन म्हणाले, "ही कंपनीची न्हय." तारेची जाडी व्हर्नियरने २.४ मिमी. शेजारच्याकडे त्याच इंजिनच्या हिरो हंक गाडीची जुनी, पण मूळची स्प्रिंग होती, ती २.३.

फरक ०.१ मिमी, म्हणजे डोळ्याला दिसणार पण नाही. पण स्प्रिंगेचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. २.४ भागिले २.३, त्याचा चौथा घात केला की १.१८५. म्हणजे केसाएवढ्या फरकाने स्प्रिंग १८-१९ टक्के कडक. दुकानात नुसत्या बाहेरच्या मापावरून आणि लांबीवरून स्प्रिंग जुळवणारे इथेच फसतात, दोन्ही मापं सारखी असतात आणि जाडी कोण मोजत नाही.

प्लेटींवर चकाकी आलेली, काचेसारखी गुळगुळीत. जे ऑइल निघालं ते बोटांत चोळून काही कळत नाही, पण आधीच्या मालकाला फोन लावला, म्हणाला घरातल्या कारचं उरलेलं टाकत होतो. तिथेच सगळ्याचं मूळ. कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये इंधन वाचवायला घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, आपला क्लच ऑइलमध्येच बुडालेला, त्याला घर्षणच हवं असतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमधल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलं बघायचं, बाकी ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तो, यात १०डब्ल्यू-३०. चुकीच्या ऑइलने क्लच स्लिप मारायला लागला आणि उपाय म्हणून स्प्रिंगा कडक केल्या, हा सगळा इतिहास.

२४ मार्च, रात्री

मूळ स्प्रिंगा पुरतील का, की खडकातल्या वापरासाठी काहीतरी मधलं हवं, याचा कागदावर हिशोब. आकडे ढोबळ आहेत, पण ढोबळच पुरतात.

आधी स्प्रिंगा तोलल्या. ड्रिल मशीनच्या स्टँडखाली वजनकाटा ठेवला आणि स्प्रिंग गाडीत जेवढी दबते तेवढी, ३६ मिमीची २४ पर्यंत, दाबली. मूळची २४ किलो. जाडवाली साडेअठ्ठावीस. चारांचे मिळून मूळ स्प्रिंगांत ९६ किलो, जाडवाल्यांत ११४.

आता क्लचला किती हवं? इंजिनचा टॉर्क १३.४ न्यूटन-मीटर. क्लच प्रायमरी गिअरच्या (इंजिन आणि क्लचमधल्या दात्यांच्या जोडीच्या) पुढे असतो, त्यामुळे तिथे टॉर्क वाढून येतो, सव्वातीन पट धरू, म्हणजे साडेत्रेचाळीस. फ्रिक्शन प्लेटी पाच, दोन्ही बाजूंनी घासतात म्हणून दहा पृष्ठभाग. मधली त्रिज्या ४८ मिमी. ऑइलमधला घर्षणांक ०.१२, हे मुद्दाम कमी धरलंय. भागाकार केला की लागणारा दाब ७७ किलो. मूळ स्प्रिंगा ९६ देतात, म्हणजे सव्वापट राखीव. जाडवाल्या ११४, दीडपट. रेसिंगमध्ये क्लच झटकून सोडतात, तेव्हा फ्लायव्हीलचा साठलेला जोर एकदम येतो, तिथे दीडपट ठीक आहे. मी आंब्याच्या पेट्या घेऊन पाणंदीतनं जाणारा माणूस.

मधले पर्याय पण काढून बघितले. दोन जाड आणि दोन मूळ, तिरप्या समोरासमोर, हे बरेच जण करतात, सरासरी ९ टक्के वाढते. सहा स्प्रिंगांच्या क्लचला एकाआड एक तीन-तीन करता येतं, पाचवाल्यात सारखा दाब जमत नाही म्हणून तिथे नकोच. दुसरा पर्याय स्प्रिंगेखाली १ मिमीचा वायसर (भोकाची चकती). १२ मिमी दबायची ती १३ दबते, म्हणजे ८ टक्के वाढ, जवळजवळ तेवढीच, दोन रुपयांत, आणि नको वाटलं तर काढून टाकता येतो. फक्त वायसर टाकताना स्प्रिंगेची वेटोळी एकमेकांना टेकतात का बघायचं: माझ्यात २.३ ची सात वेटोळी म्हणजे १६ मिमीला सगळी टेकणार, गाडीत २४, क्लच दाबल्यावर २२, वायसर टाकून २१, भरपूर जागा आहे.

आणि एक गोष्ट जी मला स्वतःला हिशोब करताना उमगली. प्लेटी झिजल्या की त्यांची थप्पी पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते, स्प्रिंग सैल होते. एकेक प्लेट ०.३ मिमी झिजली तर पाचांचे दीड मिमी, स्प्रिंग १२ ऐवजी साडेदहा मिमीच दबते, साडेबारा टक्के दाब गायब. नव्या प्लेटी टाकल्या की त्याच स्प्रिंगेचा तेवढा दाब परत येतो. माझ्या प्लेटी नवीनपेक्षा फक्त ०.१ ने कमी आहेत, पण चकाकल्यात म्हणून बदलणारच.

ठरलं: मूळ स्प्रिंगा, नवीन प्लेटी, वायसर नाही. स्लिप झाला तरच वायसर.

३० मार्च

गुढी उभारून झाल्यावर नवीन प्लेटी ऑइलमध्ये बुडवून ठेवल्या, रात्रभर राहू देत. कोरड्या प्लेटी बसवल्या तर पहिल्या काही मिनिटांतच जळतात.

६ एप्रिल

जोडला. हबवर बेअरिंग बसतं तिथे, आणि कव्हरमधल्या आर्मच्या शाफ्टला ग्रीस. हा शाफ्ट जिथे कव्हरबाहेर येतो तिथली सील आणि बुश गंजलेली होती, हाताने फिरवताना पण अडत होता, बारीक पॉलिश पेपरने साफ केला. समुद्राकाठच्या गाड्यांत हे कोणी बघत नाही. आर्मला परत आणणारी छोटी स्प्रिंग जागेवर. बोल्ट परत अर्धा अर्धा फेरा, शेवटी १२ न्यूटन-मीटरच्या आसपास, यांना जोर दाखवायचा नाही.

लिव्हरच्या टोकाला ढील १० ते २० मिमी हवी, मी १५ ठेवली. आर्म आणि केबलचा कोनही बघितला, लिव्हर अर्धी दाबलेली असताना तो काटकोनाच्या जवळ असेल तर जोर वाया जात नाही. इथे जवळपास आहे.

काटा: ६.१. स्प्रिंगा आणि प्लेटी मिळून ०.९ किलो. केबलने दीड दिले होते. स्प्रिंगा-प्लेटींवर खर्च किती आणि केबलवर किती हे लिहीत नाही, घरी वाचतात.

१३ एप्रिल

फोंडा घाट. स्लिप बघायला आमच्याकडे याहून बरी जागा नाही. मागे भाऊजी बसलेले, चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात आणून एकदम पूर्ण थ्रॉटल. क्लच स्लिप मारत असेल तर आवाज चढतो आणि गाडी तशीच राहते. इथे आवाज आणि वेगाचा काटा दोघे बरोबर, हळूहळू चढले. इम्पल्स चौथ्यात दोन माणसं घेऊन हळूच चढणार, ते सोडा. दाजीपूरच्या बाजूला चहा पिऊन, इंजिन तापलेलं असतानाच परत तसंच केलं, गरम ऑइलमध्ये स्लिप आधी दिसतो. काही नाही. वायसरचं पाकीट डब्यात गेलं.

२० एप्रिल

आता लिव्हर. दुसऱ्या गाडीची एक लिव्हर मिळाली जिच्यात निप्पलचं भोक पिव्हटपासून २५ मिमीवर आहे, माझ्या २८ ऐवजी. त्याच पर्चमध्ये (लिव्हर धरणाऱ्या हँडलवरच्या पकडपट्टीत) बसते, बोल्टही तोच. जोर ११ टक्के कमी, काटा साडेपाच.

फुकट काहीच नाही, केबलही ११ टक्के कमी ओढली जाते. प्रेशर प्लेट आधी २ मिमी उचलली जायची ती आता १.८ च्या खाली. २ मिमी ऐकायला बरं वाटतं, पण ते दहा पृष्ठभागांत वाटलं जातं, प्रत्येकी ०.२. तेवढ्या फटीत गार, जाड ऑइल असतं. म्हणून सकाळी पहिला गिअर टाकताना खट्ट जास्त येतो आता, आणि ढील १५ वरनं १० वर आणावी लागली म्हणजे न्यूट्रल नीट लागतो.

एका मित्राने सुचवलं इंजिनवरचा आर्मच वेल्डिंग करून १० मिमी लांब कर. ४० चा ५० झाला तर जोर २० टक्के कमी हे खरं, पण उचल पण २० टक्के कमी. लिव्हरने आधीच ११ खाल्लेत, दोन्ही मिळून क्लच पूर्ण सुटणारच नाही. दोन्हीपैकी एकच करावं. आणि लिव्हर पडून वाकली तर दुसरी मिळते, आर्म कव्हर उघडल्याशिवाय निघत नाही.

४ मे

तोडणी जोरात. गाडी रोज सड्यावर. पर्च हँडलवर थोडा आत, मुठीपासून लांब सरकवला, म्हणजे बोटं लिव्हरच्या टोकाशी येतात, १०० ऐवजी ११५ मिमीवर. मोजलं तर ४.८ किलो. ११५ वर मोजलेलं असल्यामुळे आधीच्या आकड्यांशी तुलना करू नका, पण बोटांना काय लागतं ते हेच. पडल्यावर लिव्हर मोडू नये म्हणून पर्चचे बोल्ट एवढेच आवळलेत की जोराचा धक्का बसला तर पर्च हँडलवर फिरेल.

पाणंदीत गड्याने चालवून बघितली, उतरल्यावर म्हणाला, "आता ह्या गाडयेक मानूस बसू शकता."

२८ मे

पाऊस यंदा २५ लाच महाराष्ट्रात येऊन बसला, मे संपायच्या आधी. आंब्याचं जे झालं ते झालं, गाडीची परीक्षा मात्र लवकर झाली. कातळ निसरडा, पाणंदीत घोटाभर पाणी, दर दहा फुटांवर हाफ क्लच. इंजिन तापल्यावर क्लच किंचित ओढायला लागतो, लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू बघते, प्लेटी तापून फुगल्या की ढील बदलते म्हणून. लिव्हरजवळच्या अ‍ॅडजस्टरला अर्धा फेरा, काम झालं. घरी येऊन गार झाल्यावर तो परत मागे आणायचा, नाहीतर ढीलच उरत नाही आणि मग खरंच स्लिप होतो.

राहिलेलं: दुसरी नवीन केबल चालू केबलच्या बाजूने आत्ताच रूट करून, दोन्ही टोकं प्लॅस्टिकने बांधून ठेवायची. सड्यावर तुटली तर टाकी न काढता टोकं बदलून घरी येता आलं पाहिजे. जाडवाल्या चार स्प्रिंगा कोणाला हव्या असतील तर घेऊन जा, पण आधी डब्यावरचं ऑइल बघा.